ग्राफीनची चिप येईपर्यंत बाबांचं ऑपरेशन थांबवावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाबा ६२ वर्षांचे, पार्किन्सन होऊन आठ वर्षं झालीत, आधी एक गोळी घेतली की पाच-सहा तास छान जायचे, आता अडीच तासांत उतरते, उतरली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि चढली की मान-खांदे आपोआप डोलायला लागतात. न्यूरॉलॉजिस्टनी डीबीएससाठी, म्हणजे मेंदूत तार घालून करंट द्यायच्या ऑपरेशनसाठी, तपासणी करून घ्या म्हणून सांगितलंय. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही वाचलंत की मँचेस्टरला माणसाच्या मेंदूवर ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिशय पातळ पदराची, चिप लावली, मग काका म्हणाले दोन-तीन वर्षं थांबा, नवीन येतंय तर जुन्या तारा कशाला घालता. शिवाय कारेलीबागेतले एक ओळखीचे ग्राफीनचा पट्टा १८ हजारांना देतायत, तोवर तो बांधा म्हणतायत.

आधी माझ्याबद्दल सांगतो म्हणजे माझं कुठलं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला कळेल. मी बडोद्यातच असतो, सव्वीस वर्षं मटेरियल सायन्समध्ये गेली, सुरुवातीला पातळ फिल्म, नंतर ग्राफीन ऑक्साइड, आणि मधली सहा-सात वर्षं इलेक्ट्रोडवरच्या, म्हणजे शरीराला टेकून करंट देणाऱ्या किंवा सिग्नल घेणाऱ्या टोकावरच्या, कोटिंगचं काम केलं. मी डॉक्टर नाही. बाबांना डीबीएस लागू पडेल का हे त्यांना तपासणाऱ्या टीमलाच ठरवता येईल, त्यात त्यांचं वय, स्मरणशक्ती, गोळीला मिळणारा प्रतिसाद, बाकीचे आजार, घरची परिस्थिती असं बरंच काही येतं. पण ते मटेरियल आज कुठवर पोचलंय आणि तुमच्या घरापर्यंत यायला मधे काय काय पार करावं लागेल, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्या वाटेवरचा थोडा तुकडा मी स्वतः चाललोय.

तुम्ही विचारलंय ग्राफीन चांगलं की प्लॅटिनम, म्हणजे आत्ताच्या तारांवरचा धातू. मला वाटतं तुमच्या घरासमोरचा प्रश्न वेळेचा आहे. मटेरियलला अजून लागणारा वेळ आणि बाबांच्या हातात असलेला वेळ यांची गाठ पडते का, हे बघायचं. मला ती पडताना दिसत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

मँचेस्टरला काय झालं ते आधी नीट बघू. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅलफर्ड रॉयल हॉस्पिटलमध्ये एका पेशंटच्या मेंदूतली गाठ काढायचं ऑपरेशन होतं. कवटी त्यासाठी उघडलेलीच होती, त्या वेळात बार्सिलोनाच्या इनब्रेन कंपनीने बनवलेली ग्राफीनची पातळ पट्टी मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवली, सिग्नल घेतले, आणि ऑपरेशन संपायच्या आत काढून घेतली. पेशंट पार्किन्सनचा नव्हता, पट्टी मेंदूच्या आत गेली नाही आणि आत राहिलीही नाही. अभ्यास आठ-दहा पेशंटांचा ठरवला होता आणि मुख्य उद्देश एकच, माणसात वापरायला हे सुरक्षित आहे का. निरोगी भाग आणि गाठीचा भाग यांचे सिग्नल वेगळे ओळखता येतात हे त्यात दिसलं, सर्जनच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, आणि मला स्वतःला ती बातमी वाचून खूप आनंद झाला होता, इतकी वर्षं आपण ज्या काळ्या पावडरीत हात घातला ती माणसाच्या मेंदूला टेकली. पण बातमीत 'चिप बसवली' वाचून तुमच्या डोळ्यासमोर जे चित्र आलं ते तिथे घडलेलं नाही.

दुसरी गोष्ट काकांनी पाठवलेल्या लिंकमध्ये असेल, की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, याच कंपनीच्या पार्किन्सनच्या उपकरणाला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. तो २०२३ मध्ये दिला, बरोबर आहे. पण तो दर्जा म्हणजे मंजुरी नाही. त्याचा अर्थ एवढाच की वस्तू गंभीर आजारासाठी आहे आणि आशादायक दिसते, म्हणून एफडीएचे लोक कंपनीशी लवकर लवकर बोलतील आणि फाईल पुढे घेतील. ट्रायल करावीच लागते, ती चुकत नाही.

आता तारखांकडे बघा. ग्राफीन वेगळं काढलं २००४ मध्ये, मँचेस्टरलाच, आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून लावून पदर सोलले, २०१० ला नोबेल मिळालं. तिथून माणसाच्या मेंदूला तासाभरासाठी टेकायला २० वर्षं गेली. डीबीएसचं बघा, फ्रान्समध्ये ग्रनोबलला बेनाबिद यांच्या टीमने १९८७ मध्ये कंपासाठी सतत करंट द्यायला सुरुवात केली, अमेरिकेत कंपासाठी मंजुरी मिळाली १९९७ ला आणि पार्किन्सनच्या बाकी लक्षणांसाठी २००२ ला. म्हणजे माणसात काम करतंय हे दिसल्यानंतरसुद्धा १०-१५ वर्षं. कोणी आळस केला म्हणून नाही, मेंदूत कायमची ठेवायची वस्तू पाच वर्षांनी कशी वागते हे कळायला पाच वर्षंच लागतात.

ग्राफीन म्हणजे नक्की काय आणि मेंदूसाठी लोक त्याच्यामागे का लागलेत, हेही सांगतो, कारण ते समजलं की पट्टा विकणाऱ्याला काय विचारायचं तेही तुम्हाला कळेल. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट चिरोट्यासारखं असतं, पदरावर पदर. त्यातला एक पदर, फक्त एका अणूच्या जाडीचा, म्हणजे ग्राफीन. टू-डायमेन्शनल मटेरियल म्हणतात ते हेच, लांबी-रुंदी आहे आणि जाडी जवळजवळ नाहीच. अशी अजून कितीतरी आहेत, मॉलिब्डेनम डायसल्फाइड आहे, बोरॉन नायट्राइड आहे, २०११ मध्ये अमेरिकेत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत मॅक्सीन नावाचं एक अख्खं कुटुंब सापडलं.

पण मेंदूच्या इलेक्ट्रोडमध्ये जे वापरतात ते बहुतेक वेळा हा एकुलता एक पदर नसतो, आणि हे बातम्यांमध्ये जवळपास कधीच येत नाही. बार्सिलोनाच्या गटाने २०२४ मध्ये त्यांच्या इलेक्ट्रोडवरचं काम छापलं त्यात ग्राफीन ऑक्साइडचे बारीक पापुद्रे एकावर एक बसवून, मग त्यातला ऑक्सिजन काढून, सुमारे एक मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) जाडीची सच्छिद्र फिल्म केलेली आहे. ती सच्छिद्र आहे यातच सगळी गंमत आहे. स्टीलच्या ताटलीवर पाणी ओतलं तर ओघळून जातं, तेवढ्याच आकाराच्या खमणच्या तुकड्यावर ओतलं तर आत मुरतं, कारण आतल्या जाळीची एकूण जागा बाहेरून दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. इलेक्ट्रोडचं तसंच आहे. सच्छिद्र फिल्ममध्ये शरीरातलं खारं पाणी आत शिरतं, त्यामुळे इवल्याशा ठिपक्यातून भरपूर चार्ज सुरक्षितपणे देता येतो. त्यांचे ठिपके २५ मायक्रॉन व्यासाचे होते, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण एक-तृतीयांश, आणि चार्ज देण्याची क्षमता दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ५ मिलिकूलोम (चार्ज मोजायचं माप). आत्ताच्या नेहमीच्या डीबीएसच्या तारेवर प्लॅटिनम-इरिडियमच्या कड्या असतात, एक कडी साधारण दीड मिलीमीटर उंच आणि सव्वा मिलीमीटर जाड. मेंदूतली जी जागा गाठायची असते ती मुळात काही मिलीमीटरची, त्याच्या शेजारून हातापायांना आदेश नेणारे तंतू जातात, करंट तिकडे सांडला की बोलणं अडखळतं किंवा हात-चेहरा ओढल्यासारखा होतो. ठिपका जितका छोटा तितकं नेमकं देता येईल, म्हणून ही सगळी धडपड.

दुसरं कारण लवचिकपणा. मेंदू लोण्यासारखा मऊ, त्यात कडक वस्तू राहिली की भोवती जखमेचा वण तयार होतो आणि सिग्नल हळूहळू मंदावतात. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, जाडी निम्मी केली तर विरोध आठवा हिस्सा, दहापट कमी केली तर हजारावा हिस्सा. उत्तरायणाला पतंगाचा कागद हातात घेऊन बघा आणि त्याच्या शेजारी पुठ्ठा धरा, दोन्ही कागदच. तिसरं कारण एमआरआयचं. २०२० मध्ये चीनमधल्या एका गटाने पार्किन्सन केलेल्या उंदरांमध्ये ग्राफीनच्या तंतूचे इलेक्ट्रोड घालून, करंट चालू असतानाच एमआरआय काढला आणि धातूमुळे पडतो तसा काळा डाग जवळजवळ पडला नाही, त्यामुळे करंट दिल्यावर मेंदूचा कुठला कुठला भाग जागा होतो ते पूर्ण दिसलं. धातूच्या तारेभोवती नेमकी तीच जागा झाकली जाते.

तर मटेरियल खरंच चांगलं आहे, मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. अडचण आहे ती टिकण्याची, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण हे माझ्या कामातलं आहे. डीबीएस साधारण सेकंदाला १३० वेळा करंटचा ठोका देतं. दिवसाचे झाले एक कोटी बारा लाख ठोके. वर्षाचे सुमारे ४१० कोटी. दहा वर्षं चालवायचं तर चार हजार कोटींच्या वर, आणि हे सगळं खाऱ्या, कोमट पाण्यात बसून, एकही दिवस सुट्टी नाही. आमच्याकडे पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातू आणि त्यावर कार्बनचं कोटिंग असे नमुने आम्ही खाऱ्या पाण्यात बुडवून गरम ओव्हनमध्ये ठेवायचो, दर दहा अंशाला म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं असा एक ठोकळ हिशोब असतो, म्हणजे ६७ अंशांवर ठेवलं तर शरीराच्या तापमानापेक्षा आठपट लवकर. पहिल्या आठवड्यात सगळे नमुने सुंदर दिसायचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मायक्रोस्कोपखाली कडेला एक बारीक फुगा दिसायचा, पाणी थरांच्या मधून आत शिरलेलं असायचं, आणि एकदा कड सुटली की पुढचं सगळं सोलून यायचं. आमच्याकडे मटेरियल एकदाही खराब निघालं नाही, दर वेळी जोड सुटली, थर आणि थर यांच्या मधली, तार आणि ठिपका यांच्या मधली. उंदरात बारा आठवडे टिकणं आणि माणसात बारा वर्षं टिकणं यात हे अंतर आहे, आणि ते पैसे ओतून फार कमी करता येत नाही.

नावाचाही घोळ आहे. 'ग्राफीन' हा शब्द आज इतक्या वेगवेगळ्या वस्तूंवर लागलाय की नुसत्या शब्दावरून काही म्हणजे काही कळत नाही. २०१८ मध्ये सिंगापूरच्या एका गटाने, त्यात नोव्होसेलोव्हही होते, जगभरातल्या ६० कंपन्यांकडून ग्राफीन मागवून तपासलं, तर बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन १० टक्क्यांपेक्षा कमी निघालं, बाकी बारीक केलेलं ग्रॅफाइट. मला आश्चर्य वाटलं नव्हतं. आमच्याकडेही एका पुरवठादाराची बाटली आली होती, लेबलवर एक ते तीन थर असं छापलेलं, रामन स्पेक्ट्रोमीटरवर (लेसरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखायचं यंत्र) लावली तर २७०० च्या जवळची जी शिखर-रेषा एका पदराला उंच आणि टोकदार यायला हवी ती बुटकी, पसरट, एका बाजूला खांदा असलेली, सरळ सरळ ग्रॅफाइटची.

आणि शुद्धतेचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. सुरुवातीला आम्ही ग्राफीन ऑक्साइड हमर्सच्या १९५८ च्या पद्धतीनेच करायचो, ग्रॅफाइट, सल्फ्युरिक ॲसिड, पोटॅशियम परमँगनेट. ते बायोलॉजीच्या एका सहकारी मॅडमना पेशींवर टाकून बघायला दिलं, दोन दिवसांत सगळ्या पेशी मेल्या. आम्ही वहीत लिहिलं, विषारी आहे. मग त्याच मॅडमनी विचारलं तुम्ही धुतलंय किती, आणि आम्हाला कळलं की ॲसिड आणि मँगनीज पुरतं निघालेलंच नव्हतं. तीच बॅच डायलिसिसच्या पिशवीत घालून, पाणी बदलत बदलत नऊ दिवस धुतली आणि पुन्हा दिली, तर त्याच मात्रेला पेशी जगल्या. त्या दिवसापासून कोणी ग्राफीन सुरक्षित आहे का असं विचारलं की मी उलट विचारतो, कुठलं ग्राफीन, केवढे तुकडे, कसं धुतलेलं, सुटं की चिकटवलेलं, आणि शरीरात कुठे.

सुट्या कणांबद्दलही आता माणसातला पुरावा यायला लागलाय. २०२४ च्या सुरुवातीला एडिनबरा आणि मँचेस्टरच्या टीमने १४ निरोगी लोकांना खूप शुद्ध, पातळ ग्राफीन ऑक्साइड नियंत्रित मात्रेत श्वासातून दिलं, फुफ्फुस आणि रक्तदाबावर तातडीचा वाईट परिणाम दिसला नाही. हे चांगलं आहे, पण थोडे तास, थोडी मात्रा आणि शुद्ध माल. त्याउलट २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ग्राफीन असलेले मास्क वापरू नका म्हणून सांगितलं होतं कारण कण श्वासात जायची भीती होती, नंतर काही मॉडेल तपासून परत विकायला दिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर आहेत, वस्तू वेगळी तर उत्तर वेगळं.

आता बाबांच्या वेळेबद्दल. इथे मी मटेरियलवाला म्हणून नाही, घरातला माणूस म्हणून लिहितोय. माझ्या मामांना पार्किन्सन होता, दांडिया बाजारात राहायचे, तबला वाजवायचे. त्यांनाही डॉक्टरांनी डीबीएसची तपासणी सुचवली होती, तेव्हा त्यांची अवस्था तुमच्या बाबांसारखीच होती, गोळी चढली की अर्धा तास तबल्यावर बसायचे. कोणीतरी दुसऱ्या शहरातल्या एका ठिकाणाचं नाव दिलं, तिथे स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, लवकरच ऑपरेशनची गरजच राहणार नाही म्हणे. पैसे गेले ते गेले, पण तीन वर्षं गेली. त्यानंतर डीबीएसच्या टीमकडे नेलं तेव्हा तोल जायला लागला होता, नावं विसरायला लागले होते, आणि टीमने तपासून नाही सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. डीबीएस जी लक्षणं गोळीने सुधारतात तीच बहुतेक सुधारतं, तोल जाणं आणि विसरणं त्याने सुधारत नाही, उलट विसरणं आधीच असेल तर वाढू शकतं. मामांच्या बाबतीत खिडकी उघडी होती तेव्हा आम्ही नवीन दाराची वाट बघत बसलो. त्या घरात मी एकटाच लॅबमध्ये काम करणारा होतो आणि मलाही तेव्हा हे नीट विचारायचं सुचलं नाही, म्हणून आज तुम्हाला इतकं लांब लिहितोय.

लवकर केल्याचा फायदा नुसता माझ्या मामांच्या गोष्टीवरून सांगत नाही. २०१३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्समधल्या २५१ पेशंटांचा दोन वर्षांचा अभ्यास आला, गोळीचे चढ-उतार नुकतेच सुरू झालेल्यांपैकी निम्म्यांना डीबीएस आणि औषध, निम्म्यांना फक्त औषध. डीबीएसवाल्यांचं रोजचं जगणं स्पष्ट सुधारलं, नुसत्या औषधावाल्यांचं जवळजवळ जिथल्या तिथे राहिलं. त्यातले पेशंट सरासरी ५२ वर्षांचे, म्हणजे बाबांपेक्षा तरुण, त्यामुळे तोच आकडा बाबांना जसाच्या तसा लावू नका. पण दिशा कळते. आणि ऑपरेशनला धोका आहे, मेंदूत रक्तस्राव, इन्फेक्शन, तार सरकणं, हे कमी लोकांना होतं पण होतं, तर ज्या टीमकडे जाल त्यांना त्यांचे स्वतःचे आकडे विचारा, चांगली टीम लपवत नाही.

काकांना अजून एक सांगा. त्यांना ज्या 'हुशार चिप'चं कौतुक वाटलं, म्हणजे मेंदूचा सिग्नल वाचून करंट आपोआप कमी-जास्त करणारी, ती कल्पना ग्राफीनवर अडलेली नाहीये. आत्ताच्याच धातूच्या तारांनी मेंदूतली १३ ते ३० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा उठणारी, लहर वाचून करंट बदलणाऱ्या डीबीएसला एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. कडीचे तुकडे पाडून करंट एका बाजूलाच वळवता येईल अशा ताराही आता मिळतात. तुमच्या टीमला हे दोन्ही विचारा, आपल्याकडे कुठलं मॉडेल येतं, बाबांना त्याचा उपयोग आहे का, बॅटरी चार्ज होणारी की बदलावी लागणारी, एमआरआय काढता येईल का. खर्चात खूप फरक पडतो या प्रत्येक गोष्टीने, आणि महागडं मॉडेल प्रत्येकाला लागतंच असं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की आत्ता तारा घातल्या तर पुढे ग्राफीनचं आल्यावर दार बंद होईल का. नवीन उपकरणाच्या ट्रायलमध्ये आधीच इम्प्लांट असलेल्यांना सहसा घेत नाहीत, हे खरं. पण ट्रायल संपून वस्तू बाजारात आल्यावरचा प्रश्न वेगळा. डीबीएसमध्ये मेंदूचा भाग जाळत नाहीत, तार काढता येते, छातीतला बॉक्स तर तसाही बॅटरीसाठी बदलतातच. आणि ट्रायलमध्ये जागा मिळेल या आशेवर बाबांची पुढची चार-पाच वर्षं अडीच-अडीच तासांच्या तुकड्यांत काढणं, मी त्यांचा मुलगा असतो तर हे केलं नसतं.

पट्ट्याचं लवकर सांगतो. त्यात कार्बनची फिल्म असते, करंट दिला की गरम होते, गरम झालेली कुठलीही वस्तू इन्फ्रारेड सोडते, गरम पाण्याची पिशवीसुद्धा सोडते. कंबर शेकली की बरं वाटेल, आखडलेल्या स्नायूंना आराम मिळेल, तेवढाच त्याचा उपयोग. पार्किन्सन जिथे होतो तिथे त्याचा काही संबंध पोचत नाही. १८ हजार त्यासाठी देऊ नका. आणि बाबांना डायबेटिस असेल तर कुठलाही शेक लावून झोपू देऊ नका, पायाला चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो.

टू-डी मटेरियलचा उपयोग तुमच्या घरात सगळ्यात आधी कुठे पोचेल असं मला विचाराल तर कातडीवर. शरीराबाहेर असलं की रोज काढून बदलता येतं, दहा वर्षं टिकायची अट नाही. टेक्सासमध्ये २०२२ ला ग्राफीनचे टॅटूसारखे चिकटणारे ठिपके मनगटावर लावून पाच तास सलग रक्तदाब मोजला, पट्टा फुगवायची गरज नाही. फिलाडेल्फियाच्या एका गटाने २०२१ मध्ये मॅक्सीनचे इलेक्ट्रोड दाखवले, ईईजीला, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे सिग्नल घ्यायच्या तपासणीला, डोक्यावर तो चिकट जेल लावावा लागतो तो न लावता सिग्नल आले. पार्किन्सनवाल्यांसाठी असं काही मनगटावर आलं, जे दिवसभरात कंप कधी वाढला, गोळी कधी उतरली हे स्वतः नोंदवेल, तर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होईल.

तोपर्यंत ती नोंद तुम्हीच करा, आणि हे उद्यापासून करा. साध्या वहीत तासातासाचे चौकोन आखा, गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली, कधी डोलायला लागले, जेवण कधी झालं, कारण डाळ-पनीर-दूध गोळीच्या जवळ खाल्लं तर असर कमी होतो आणि कधीकधी वेळ बदलल्यानेच एखादा तास परत मिळतो. आठवडाभर लिहा. मोबाईलवर दोन व्हिडिओ काढा, एक गोळी उतरलेली असताना खुर्चीतून उठून दारापर्यंत चालतानाचा, एक चढलेली असतानाचा, तेच अंतर, तेच दार. डीबीएसच्या तपासणीत ते हेच करतात, रात्रीपासून गोळी बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन परत तपासतात, किती टक्के फरक पडतो त्यावर बरंचसं ठरतं. पण गोळी बंद करायचा प्रयोग घरी अजिबात करू नका, तो त्यांच्या देखरेखीखालीच. स्मरणशक्तीची चाचणीही होईल, त्या दिवशी बाबा झोप पुरी करून, चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर ते घेऊन जाऊ देत, यावरून विनाकारण गुण कमी पडलेले मी पाहिलेत. आईलाही सोबत न्या. रात्री झोपेत बाबा ओरडतात का, भास होतात का, पैशांचे व्यवहार नीट करतात का, हे मुलाला माहीत नसतं, आईला माहीत असतं, आणि टीमला ते ऐकायला लागतं.

तपासणीची तारीख मिळाली की इथेच लिहा, आणि त्यांनी कुठल्या तारेचं, कुठल्या बॉक्सचं मॉडेल सुचवलं ते नाव टाका. इलेक्ट्रोड काय मटेरियलचा आहे, कोटिंग काय आहे, एमआरआयच्या अटी काय आहेत, हे मी कंपनीच्या मॅन्युअलमधून काढून तुम्हाला मराठीत समजावून देईन.